‘इंडिया’ की ‘भारत’, हिंदी की इंग्रजी : जबलपूरचे दोन संसदपटू आणि आयर्लंडचा दाखला

देशाचे नाव काय असावे, हा प्रश्न १८ सप्टेंबर १९४९ रोजी नवी दिल्लीत संविधान सभेपुढे होता. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेल्या पहिल्या अनुच्छेदात ‘इंडिया, अर्थात भारत’ अशी शब्दयोजना होती. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य हरी विष्णू कामथ यांनी तिच्यावर दुरुस्ती सुचवली. ‘भारत, अथवा इंग्रजी भाषेत इंडिया’ असा क्रम असावा, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेचा. त्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात राज्याचे नाव ‘एरे, अथवा इंग्रजी भाषेत आयर्लंड’ असे नोंदले आहे. स्वभाषेतील नाव आधी, परक्या भाषेतील नाव नंतर.

त्याच चर्चेत त्याच प्रांतातील जबलपूरचे सेठ गोविंददास बोलले. देशाला ‘भारत’ हे नाव मिळत असल्याचे त्यांना समाधान होते. मात्र ‘इंडिया, अर्थात भारत’ ही रचना त्यांना रुचली नव्हती. देश भारत आहे आणि परदेशांत तो इंडिया या नावानेही ओळखला जातो, असे म्हणायला हवे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हात वर करून मतदान झाले. कामथ यांच्या दुरुस्तीच्या बाजूने ३८ आणि विरोधात ५१ मते पडली. अवघ्या १३ मतांच्या फरकाने ‘इंडिया’ हा शब्द अनुच्छेदात आधी राहिला.

२०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेवर राष्ट्रपतींचा उल्लेख ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असा झाला, तेव्हा हा वाद पुन्हा चर्चेत आला. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय प्रखर विरोधानंतर राज्य सरकारला मागे घ्यावा लागला, तेव्हा राजभाषेचा जुना प्रश्नही नव्याने विचारला गेला. या दोन्ही प्रश्नांची संसदीय पार्श्वभूमी जबलपूरशी जोडलेली आहे, आणि दोन्हींवर आयर्लंडच्या अनुभवाने प्रकाश पडतो.

नागपूरच्या प्रांतातील जबलपूर

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतरचे मध्य प्रदेश राज्य यांची राजधानी नागपूर होती. उत्तरेला हिंदी आणि दक्षिणेला मराठी असा हा द्विभाषिक प्रदेश होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, तर जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि तेथे उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आले.

गोविंददास यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८९६ रोजी जबलपूरच्या राजा गोकुळदास यांच्या धनाढ्य व्यापारी घराण्यात झाला. असहकाराच्या काळात ते गांधीजींच्या चळवळीत आले आणि त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. १९३९ मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्यांनी शंभराहून अधिक नाटके आणि एकांकिका लिहिल्या. १९२३ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळात प्रथम निवडून गेले. त्यानंतर संविधान सभा आणि १९५२ पासून सलग लोकसभा, असा त्यांचा संसदीय प्रवास १८ जून १९७४ रोजी मृत्यू होईपर्यंत सुरू होता.

दुसरे संसदपटू फ्रँक अँथनी. त्यांचा जन्मही जबलपूरचाच, १९०८ मधला. व्यवसायाने वकील असलेले अँथनी १९४२ पासून अखिल भारतीय अँग्लो-इंडियन संघटनेचे अध्यक्ष होते. संविधान सभेचे सदस्य म्हणून काम केल्यावर ते नामनिर्देशित सदस्य या नात्याने अनेक लोकसभांत बसले. त्यांच्या समाजाची मातृभाषा इंग्रजी होती. एकाच शहरात जन्मलेले हे दोघे राजभाषेच्या वादात परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. दोघांचीही मूळ मागणी सभागृहाने जशीच्या तशी मान्य केली नाही. तरीही आजच्या व्यवस्थेवर दोघांचाही ठसा आहे.

आयर्लंडकडून काय आले?

आयर्लंडने ब्रिटिश सत्तेशी दीर्घ संघर्ष करून स्वातंत्र्य मिळवले होते, त्यामुळे भारतीय नेत्यांना त्या देशाविषयी आस्था होती. १८९४ मध्ये मद्रास येथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश संसद सदस्यानेच भूषवले होते. आयर्लंडची सध्याची राज्यघटना १ जुलै १९३७ रोजी सार्वमताने मंजूर झाली आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरपासून अमलात आली. तिचे प्रमुख शिल्पकार होते इमॉन डी व्हॅलेरा. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी १९४७ च्या अखेरीस परदेशांचा अभ्यासदौरा केला, तेव्हा डब्लिनमध्ये त्यांनी डी व्हॅलेरा यांची भेट घेतली.

भारतीय संविधानातील राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे हे आयर्लंडचे सर्वांत ठळक ऋण आहे. आयरिश घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात सामाजिक धोरणाची तत्त्वे दिली असून ती विधिमंडळाच्या मार्गदर्शनासाठी आहेत, न्यायालयांनी त्यांची दखल घ्यायची नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. भारतीय संविधानाच्या ३७ व्या अनुच्छेदातही हीच कल्पना आहे. राज्यसभेतील १२ नामनिर्देशित सदस्यांची तरतूदही आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाच्या धर्तीवर आली.

गोरक्षणाची मागणी आणि मधला मार्ग

मार्गदर्शक तत्त्वांच्या या आयरिश साच्याचा उपयोग कसा झाला, याचे उदाहरण गोविंददास यांच्याच एका मागणीत सापडते. अस्पृश्यतेप्रमाणे गोहत्याही गुन्हा ठरवावी आणि तशी तरतूद मूलभूत हक्कांत असावी, असा त्यांचा आग्रह होता. मूलभूत हक्क माणसांसाठी असतात, प्राण्यांसाठी नव्हे, असे उत्तर त्यांना मिळाले. अखेर २४ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी मांडलेली दुरुस्ती मान्य होऊन हा विषय मार्गदर्शक तत्त्वांत गेला. संविधानाचा ४८ वा अनुच्छेद तो हाच. शेती आणि पशुपालनाची आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने उभारणी करावी आणि गायी, वासरे, तसेच दुभत्या व ओढकाम करणाऱ्या गुरांची हत्या रोखण्यासाठी पावले उचलावीत, असे तो राज्याला सांगतो.

या उत्तराने गोविंददास थांबले नाहीत. गुरांच्या रक्षणासाठी त्यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील आहे, असे मत महान्यायवादींनी दिले. १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी विधेयकाला ठाम विरोध केला आणि ते फेटाळले गेले. विधेयक स्वपक्षाच्या खासदाराचे असूनही पंतप्रधानांनी आपली भूमिका सौम्य केली नाही, आणि त्या खासदारानेही पुढे आपला आग्रह सोडला नाही.

केंद्रात अडलेला हा विषय राज्यांच्या कायद्यांतून पुढे सरकला. १९५८ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या कायद्यांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गायीच्या हत्येवरील पूर्ण बंदी वैध ठरवली. निरुपयोगी झालेल्या बैलांवरील सरसकट बंदी मात्र मान्य केली नाही. गुजरातच्या कायद्याच्या प्रकरणात २००५ मध्ये न्यायालयाने ही दुसरी भूमिका बदलली. न्यायालयात थेट बजावता न येणारे तत्त्व कायदा वैध ठरवण्याचा आधार होऊ शकते, हे यातून दिसले.

राजभाषा : जबलपूर विरुद्ध जबलपूर

राजभाषेचा वाद याहून तीव्र होता. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत संविधान सभेने त्यावर चर्चा केली. गोविंददास देवनागरी लिपीतील हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते. एक देश, एक भाषा आणि एक लिपी, अशी त्यांची भूमिका होती. लोकशाहीत बहुसंख्यांच्या मताला मान असावा, असे ते म्हणत. देशात सहस्रावधी वर्षे एकच संस्कृती नांदत आली आहे, या त्यांच्या विधानाने दक्षिणेतील आणि अल्पसंख्य समाजांतील सदस्यांची चिंता वाढणे स्वाभाविक होते.

अखेर तडजोड झाली. ३४३ व्या अनुच्छेदाने देवनागरीतील हिंदीला संघराज्याच्या राजभाषेचा दर्जा दिला. अंक मात्र देवनागरी नव्हे, तर भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप असावेत, असे ठरले. इंग्रजीचा वापर संविधान लागू झाल्यापासून १५ वर्षे, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत चालू ठेवण्याची मुभा मिळाली आणि त्यानंतरही संसदेला कायद्याने ती वाढवता येईल, अशी सोय करण्यात आली.

हीच सोय निर्णायक ठरली. १९५९ मध्ये फ्रँक अँथनी यांनी लोकसभेत खासगी ठराव मांडून इंग्रजीचा समावेश आठव्या अनुसूचीत करण्याची मागणी केली. तो समावेश तेव्हा झाला नाही आणि आजवरही झालेला नाही. मात्र त्या चर्चेला उत्तर देताना ७ ऑगस्ट १९५९ रोजी नेहरूंनी जे आश्वासन दिले, त्याने भाषाधोरणाची दिशा ठरली. लोकांना गरज वाटेल तोवर इंग्रजी जोडभाषा म्हणून राहील, आणि ती गरज संपली की नाही हे हिंदी भाषक नव्हे, तर अहिंदी भाषक ठरवतील, असा त्या आश्वासनाचा आशय होता.

या आश्वासनाला कायद्याचे रूप देण्यासाठी १९६३ मध्ये राजभाषा विधेयक आले. हिंदीच्या पुरस्कर्त्यांना ते संविधानाच्या हेतूशी विसंगत वाटले. दुसऱ्या बाजूला, इंग्रजी वापरता ‘येईल’ एवढेच त्यात म्हटले असून ती वापरली ‘जाईल’ अशी हमी नाही, असा द्रविड मुन्नेत्र कळघमचा आक्षेप होता. गोविंददास यांनी स्वपक्षाच्या भूमिकेविरुद्ध जाऊन विधेयकाच्या विरोधात मत दिले. विधेयक संमत झाले.

१९६५ च्या जानेवारीत मुदत संपत असताना मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. त्यानंतर १९६७ च्या दुरुस्तीने हमी कायद्यात आली. हिंदी ही राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी इंग्रजीचा वापर थांबवण्याचे ठराव केल्याशिवाय आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तसे ठराव केल्याशिवाय केंद्राच्या कामकाजातील इंग्रजी हटवता येत नाही. महाराष्ट्राची राजभाषा मराठी असल्याने मुंबईतील विधिमंडळाचा ठरावही त्यासाठी आवश्यक आहे.

आयर्लंडच्या अनुभवाचा अर्थ

कामथ यांनी ज्या आयरिश घटनेचा दाखला दिला, तिच्या आठव्या अनुच्छेदाने आयरिश भाषेला राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा मानले. इंग्रजीला दुसरे स्थान दिले. शाळांत आयरिश सक्तीची झाली. शालान्त प्रमाणपत्रासाठी त्या विषयात उत्तीर्ण होण्याची अट १९७३ मध्ये आणि सरकारी नोकरीतील प्रवेशाची अट १९७४ मध्ये शिथिल करण्यात आली. २००३ मध्ये राजभाषा कायदा झाला, तर १ जानेवारी २००७ पासून आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा बनली. तरीही २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, तेव्हा शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणाऱ्यांची संख्या ७२ हजारांच्या आसपासच होती.

घटनेतील पहिले स्थान भाषेला प्रतिष्ठा देते, निधी आणि संस्था मिळवून देते. पण घरातला आणि बाजारातला वापर त्याने आपोआप वाढत नाही, असे हा अनुभव सांगतो. मात्र तुलनेला मर्यादाही आहे. आयर्लंडमध्ये स्वभाषा आणि राज्यकर्त्यांची भाषा असा दुहेरी पेच होता. भारतात मराठी, तमिळ, बंगाली किंवा कन्नड भाषकांसमोर तिसरा पक्षही उभा होता. इंग्रजी परकी, हे त्यांना मान्य होते. पण तिच्या जागी येणारी हिंदी आपली मातृभाषा नव्हे, हेही तितकेच खरे होते. गोविंददास यांच्या युक्तिवादात हा तिसरा पक्ष पुरेसा दिसत नाही. अँथनी यांच्या ठरावामुळे तो सभागृहापुढे आला, जरी त्यांचा मूळ हेतू इंग्रजीच्या संरक्षणाचा होता.

नोंदीत काय उरले?

गोविंददास यांच्या निधनानंतर झालेल्या जबलपूरच्या पोटनिवडणुकीत विरोधी पक्षांचे संयुक्त उमेदवार म्हणून तरुण शरद यादव विजयी झाले आणि काँग्रेसने ही जुनी जागा गमावली. अँथनी यांचे १९९३ मध्ये निधन झाले.

आज पहिल्या अनुच्छेदात ‘इंडिया’ आधी असला, तरी ‘भारत’ हे नावही तितकेच घटनात्मक आहे. देशाचे नाव केवळ ‘भारत’ करावे, या मागणीची याचिका २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा संविधानात हे नाव आधीच आहे, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. हिंदी संघराज्याची राजभाषा आहे आणि इंग्रजी तिच्या जोडीला आहे. १९६५ ची मुदत उलटून सहा दशके झाली, तरी ही स्थिती कायम आहे, आणि ती बदलण्याची किल्ली १९६७ च्या कायद्याने ज्या विधिमंडळांच्या हाती दिली, त्यांपैकी एकानेही आजवर ती फिरवली, तरी उरलेल्या सर्वांच्या ठरावांची गरज राहतेच.