मोठी गाडी रस्त्यात बंद पडली तर...

गणपतीला कोकणात जायचे असो, दिवाळीची सुट्टी असो वा मे महिन्यातील देवदर्शन, दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकच मोठी गाडी काढण्याची पद्धत शहरांत आता चांगलीच रुळली आहे. कुणी सात आसनी एसयूव्ही काढतो, कुणी सतरा आसनी ट्रॅव्हलर ठरवतो. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅनही अधूनमधून रस्त्यांवर दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच मंजूर केले. गाडी मोठी झाली की तिच्यातील माणसे वाढतात, सामान वाढते आणि ती बंद पडल्यावर उडणारी तारांबळही वाढते. मात्र रस्त्यावरील मदतसेवा, म्हणजेच रोडसाइड असिस्टन्स, निवडताना बहुतेक जण छोट्या मोटारीचाच हिशेब लावतात. वर्षाला पैसे किती आणि फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, एवढेच पाहिले जाते. मोठ्या गाडीच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा असतो. ही गाडी उचलणार कोण, कशाने, आणि नेऊन ठेवणार कुठे?

विमा आहे, मग वेगळी सेवा कशाला?

गाडीचा सर्वंकष विमा आहे म्हणजे सारे काही आले, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड स्पष्टपणे वगळलेला असतो. अपघात झाल्यास गाडी जवळच्या कार्यशाळेपर्यंत हलवण्याचा खर्च मिळतो; पण त्यालाही मर्यादा असते. प्रमाणित पॉलिसीच्या मजकुरात ही मर्यादा खासगी मोटारीसाठी १,५०० रुपये, तर टॅक्सी व तीनचाकी वगळता इतर व्यावसायिक वाहनांसाठी २,५०० रुपये अशी लिहिलेली आहे. भरलेली ट्रॅव्हलर घाटातून उचलून शहरात आणण्याचा खर्च या रकमेत भागणे कठीण. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवता येते. मात्र ती तरतूद अपघातापुरतीच राहते. क्लच जळाला, पट्टा तुटला, बॅटरी उतरली तर तिचा काही उपयोग नाही. म्हणूनच मदतसेवा वेगळी घ्यावी लागते.

ती साधारणपणे तीन ठिकाणी मिळते. एक, वाहन उत्पादक कंपनीकडून, बहुधा वॉरंटीच्या काळात. दोन, विमा कंपनीकडून, पॉलिसीला जोडलेले वाढीव संरक्षण म्हणून. तीन, केवळ हेच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांकडून, वार्षिक सभासदत्वाच्या रूपात. या तिन्हींपैकी कोणतीही सरसकट चांगली वा वाईट नसते. उत्पादकाची सेवा गाडी ओळखते. पण ती त्याच्याच कार्यशाळांच्या जाळ्यापुरती चालते. विमा कंपनीची सेवा स्वस्त पडते. पण ती प्रामुख्याने खासगी मोटारी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. स्वतंत्र कंपनीकडे पर्याय अधिक असतात; पण प्रत्यक्ष गाडी तिची नसते, तर त्या त्या गावातील कंत्राटदार क्रेनवाल्याची असते.

वजन आणि नोंदणी आधी पाहा

नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले एकूण वजन नमूद असते. सेवा घेताना हा आकडा समोर ठेवावा. भरलेली सात आसनी एसयूव्ही अडीच टनांच्या आसपास जाते, तर माणसे आणि सामान भरलेली ट्रॅव्हलर चार टनांच्या पुढे. मोटारी वाहून नेणारे नेहमीचे सपाट फलाटाचे वाहन, ज्याला फ्लॅटबेड म्हणतात, ते पहिलीला पुरते. दुसरीला पुरेलच असे नाही. ब्रिटनमध्ये, जेथे कॅराव्हॅन घेऊन भटकण्याची परंपरा जुनी आहे, तेथील मदतसेवांच्या नेहमीच्या योजनांत साडेतीन टनांची मर्यादा सर्रास आढळते आणि सभासद करून घेताना गाडीची लांबी-रुंदीही विचारली जाते. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही. म्हणून ग्राहकाने आपणहून सांगावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसरी बाब नोंदणीच्या प्रकाराची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी आणि पिवळ्या पाटीची प्रवासी वाहतुकीची गाडी यांना बहुतेक योजना वेगवेगळ्या लावतात. खासगी मोटारींसाठी असलेल्या सभासदत्वात पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर बसत नाही. याउलट, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवली जात असताना बंद पडली, तर सेवा नाकारली जाऊ शकते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. गाडी भाड्याने घेणाऱ्या कुटुंबानेही चालकाला दोन प्रश्न विचारावेत. गाडीची मदतसेवा कोणाची आहे आणि तिची मुदत कधी संपते?

ओढायची की उचलायची?

बंद पडलेली गाडी दोरखंड लावून ओढत नेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आजच्या गाड्यांना ती मानवत नाही. इंजिन बंद असले की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारे यांत्रिक साहाय्य थांबते. चार टनांची गाडी मग चालकाच्या केवळ अंगबळावर थांबवावी लागते. चारही चाकांना गती असलेल्या एसयूव्हीची पुढची दोन चाके उचलून मागची रस्त्यावर फिरू दिली, तर गिअर यंत्रणेचे मोठे नुकसान होऊ शकते. स्वयंचलित गिअर असलेल्या अनेक गाड्यांत इंजिन चालू असतानाच गिअरपेटीतील तेल फिरते. इंजिन बंद ठेवून ओढल्यास ती कोरडी घासली जाते. विजेवर चालणाऱ्या गाड्या तर फ्लॅटबेडवरच न्याव्या लागतात. एअर ब्रेक असलेल्या बसची हवा उतरली की चाके आपोआप आवळली जातात. ती मोकळी करण्याचे तंत्र ठाऊक नसलेला क्रेनवाला तेथे हतबल ठरतो.

किरकोळ मदतीतही हाच फरक दिसतो. ट्रॅव्हलरला मागे जोडचाके असतात. आतले चाक पंक्चर झाले तर बाहेरचे आधी काढावे लागते, आणि त्यासाठी मोटारीचा जॅक पुरत नाही. मोठ्या बसमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. मोटारसायकलवरून येणाऱ्या मेकॅनिकजवळचा १२ व्होल्टचा संच तेथे निरुपयोगी. डिझेल संपले तर नुसते पाच लिटर डिझेल आणून भागत नाही, नळ्यांत शिरलेली हवाही काढावी लागते. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करणारे डीईएफ द्रावण लागते. ते संपल्यावर गाडी पुन्हा सुरू होण्यास नकार देते. सेवेच्या यादीत ‘इंधन पोचवणे’ लिहिलेले असेल, तर त्यात हे द्रावण येते का, तेही पाहावे.

किलोमीटरचा हिशेब

गाडी किती अंतरापर्यंत मोफत नेली जाईल, याला प्रत्येक योजनेत मर्यादा असते. वर्षातून किती वेळा सेवा मिळेल, यालाही असते. मर्यादेपुढील प्रत्येक किलोमीटरचे पैसे जागेवरच मोजावे लागतात आणि मोठ्या गाडीसाठी तो दर अर्थातच चढा असतो. हे अंतर क्रेन निघाल्यापासून मोजतात की गाडी उचलल्यापासून, हा तपशील क्षुल्लक वाटला तरी बिलात त्याने मोठा फरक पडतो.

येथे रस्त्याचाही विचार हवा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि ठरावीक ठिकाणांखेरीज त्यावर चढता-उतरता येत नाही. बंद पडलेली गाडी आधी पुढच्या उतारापर्यंत आणि मग गावातील कार्यशाळेपर्यंत न्यावी लागते. नकाशावर जवळ दिसणारे गाव प्रत्यक्षात लांब पडते. शिवाय ‘जवळची कार्यशाळा’ म्हणजे कोणती? छोट्या मोटारीची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते. ट्रॅव्हलर किंवा कॅराव्हॅनसाठी अनेकदा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते.

राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून टोल नाक्यांवर क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवलेल्या असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीत येत असल्याने तेथील मदत क्रमांक वेगळे आहेत. या सेवांचा लाभ जरूर घ्यावा. मात्र त्यांचा मुख्य उद्देश रस्ता मोकळा करणे हा आहे. गाडी तुमच्या पसंतीच्या कार्यशाळेत पोचवणे हा नव्हे.

कॅराव्हॅनची गोष्ट वेगळी

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वजन वाढते. त्यात गॅस सिलिंडर, जादा बॅटऱ्या, फर्निचर. कागदावरील वजन आणि रस्त्यावरील वजन यांत म्हणूनच तफावत पडते. उंचीही महत्त्वाची. फ्लॅटबेडचा फलाट जमिनीपासून सुमारे एक मीटर वर असतो. त्यावर तीन मीटर उंचीची कॅराव्हॅन चढवली, की एकूण उंची चार मीटर होते. जुने रेल्वे पूल, झाडांच्या फांद्या आणि लोंबकळत्या वीजतारा असलेल्या रस्त्यांवरून ती नेणे जोखमीचे ठरते. उचलण्यापूर्वी गॅस बंद करणे, पाणी सोडून देणे आणि आतील सामान बांधणे आवश्यक असते. प्रवाशांना आत बसवून गाडी वाहून नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

साध्या व्हॅनमध्ये फेरफार करून कॅराव्हॅन बनवली असेल, तर तो बदल नोंदणी प्रमाणपत्रावर आणि विमा पॉलिसीत उतरलेला असला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीशी विसंगत ठरणारे बदल करण्यास मनाई आहे. कागदोपत्री नसलेल्या गाडीला मदतसेवाही सहज झटकू शकते. गाडीमागे जोडून ओढायची कॅराव्हॅन असल्यास कायद्याच्या दृष्टीने ते स्वतंत्र वाहन असते. पुढच्या गाडीची सेवा मागच्या गाडीला आपोआप लागू होत नाही.

सेवा घेण्यापूर्वी हे विचारा

* माझ्या गाडीचे एकूण वजन, लांबी आणि उंची या योजनेत बसते का?
* खासगी, पर्यटक परवाना वा भाड्याची, यांपैकी कोणती गाडी योजनेत येते?
* फ्लॅटबेड मिळेल की केवळ चाके उचलणारी क्रेन?
* अंतराची मर्यादा किती आणि पुढील किलोमीटरचा दर काय?
* गाडी दरीत वा खड्ड्यात गेल्यास बाहेर काढण्याचा खर्च कोणाचा?
* उरलेल्या प्रवाशांची सोय, म्हणजे पर्यायी वाहन किंवा मुक्काम, मिळेल का? किती जणांची?

शेवटचा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो. अनेक योजनांत पर्यायी वाहन म्हणजे चार-पाच जणांची टॅक्सी. चौदा जणांचा गट, त्यात वृद्ध आणि लहान मुले, रात्री अकरा वाजता घाटात उभा असेल, तर ती कितीशी पुरणार?

मदत येईपर्यंत

उभ्या गाडीला मागून भरधाव वाहनाची धडक बसणे, हा बिघाडापेक्षा कितीतरी मोठा धोका असतो. गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि सर्व प्रवाशांना कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे. पाऊस किंवा थंडी आहे म्हणून आत बसून राहू नये. गाडी तशीच सोडून निघून जाणेही योग्य नाही. कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा तासांहून अधिक काळ बेवारस राहिलेली गाडी पोलीस हलवू शकतात, वाहतुकीस धोका असल्यास ताबडतोब हलवू शकतात, आणि तो खर्च मालकाकडून वसूल होतो. ताम्हिणी किंवा वरंधसारख्या घाटांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तेव्हा मदत क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत आणि शेवटचा ओलांडलेला किलोमीटरचा दगड कुणीतरी लक्षात ठेवलेला असावा.

योजनांच्या किमतींतील फरक अनेकदा काही शे रुपयांचाच असतो. न चालणाऱ्या योजनेची किंमत मात्र एका रात्रीत कितीतरी पटींनी वसूल होते. तेव्हा पुढच्या प्रवासाला निघण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र हातात घेऊन मदत क्रमांकावर एकदा फोन करावा, गाडीचे वजन सांगावे आणि ती कशाने उचलाल, असे सरळ विचारावे. उत्तर अडखळत आले, तर दुसरी सेवा शोधायला अजून वेळ आहे.