ताऱ्यांमधील शीत व उष्ण मेघ

धाराशिव जिल्ह्यांतील येरमाळा येथें चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीची यात्रा भरते. चुनखडी वेचण्याच्या विधीसाठीं ही यात्रा प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत रात्रीं नऊच्या सुमारास बालाघाटाच्या या माथ्यावरून पाहिलें असतां सिंह राशि जवळजवळ डोक्यावर आलेली असते, आणि मघांचा ठळक तारा चांदण्यांतहि ओळखतां येतो. परंतु त्याच राशीच्या दिशेस असलेली एक वस्तु कोणत्याहि रात्रीं नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. ती म्हणजे हायड्रोजन वायूचा एक पातळ मेघ. त्याचें अंतर ३६ ते ८० प्रकाशवर्षांच्या दरम्यान असून तपमान शून्याखालीं सुमारें २५० अंश सेंटिग्रेड आहे. आश्चर्य असें कीं, हा अतिशीत मेघ ज्या पोकळींत आहे, ती दहा लक्ष अंशांच्या घरांतील तप्त वायूनें भरलेली आहे.

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९०४ सालीं योहान्नेस हार्टमान या जर्मन ज्योतिर्विदानें मृगाच्या बाणांतील एका ताऱ्याचा वर्णपट तपासला. तो जोडतारा असल्यामुळें वर्णपटांतील रेषा मागेंपुढें सरकत होत्या. कॅल्शियमची एक रेषा मात्र तशी सरकत नव्हती. ती ताऱ्याची नसून वाटेंतील वायूची होती. अर्थात् हा वायु कमालीचा विरळ आहे. पृथ्वीवरील हवेच्या एका घन सेंटिमीटरांत २५ या आंकड्यावर १८ शून्यें इतके रेणु असतात; ताऱ्यांमधील तेवढ्याच जागेंत सरासरी एखादाच अणु सांपडतो.

हा वायु सर्वत्र सारखा नाहीं. कोठें त्याचे थंड, त्यांतल्या त्यांत दाट मेघ आहेत; कोठें सातआठ हजार अंशांचा विरळ वायु आहे; तर कोठें स्फोट पावलेल्या ताऱ्यांनीं तापविलेला, त्याहूनहि विरळ असा लक्षावधि अंशांचा वायु आहे. एवढ्या तपमानानें सर्व कांहीं भस्म कां होत नाहीं? फुलबाजीची ठिणगी उकळत्या पाण्याहून कितीतरी तप्त असते, तरी ती हातावर पडल्यास पाण्याइतका चटका बसत नाहीं. कारण तिच्यांत द्रव्यच थोडें. तसेंच येथेंहि आहे. शीत वायु दाट व उष्ण वायु विरळ असल्यानें दोहोंचा दाब जवळजवळ सारखा राहतो, आणि ते शेजारीं शेजारीं नांदूं शकतात. फील्ड, गोल्डस्मिथ व हाबिंग यांनीं १९६९ सालीं हा विचार पद्धतशीर मांडला.

पण इतक्या दूरच्या वायूचें तपमान मोजावयाचें कसें? हायड्रोजनचा अणु २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो, हें भाकीत १९४४ सालीं व्हान द हुल्स्ट या डच शास्त्रज्ञानें केलें; १९५१ सालीं अमेरिकेंत युएन व पर्सेल यांनीं त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या. वायूनें सोडलेल्या लहरींवरून हायड्रोजन किती आहे तें समजतें. मग त्याच दिशेस पलीकडे असलेल्या एखाद्या प्रखर रेडिओ-उगमाकडे पाहिलें, तर वाटेंतील वायूनें किती लहरी गिळल्या तें कळतें. वायु तेवढाच असतां थंड वायु पुष्कळ गिळतो, उष्ण वायु अत्यल्प. या दोन मापांच्या तुलनेंतून तपमान निघतें. हाच शास्त्रज्ञांचा तापमापक होय.

असें मापन येरमाळ्याच्या वायव्येस सुमारें २०० किलोमीटरांवर, पुणें जिल्ह्यांतील खोडद येथेंहि झालें आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. ती सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेली असून भोंवतालच्या डोंगरांमुळें बाहेरच्या रेडिओ-कोलाहलापासून तिला आडोसा मिळतो. निरुपम रॉय, निस्सीम काणेकर व जयराम चेंगळूर यांनीं खोडद, नेदरलंड्स व ऑस्ट्रेलिया येथील दुर्बिणींनीं घेतलेल्या वेधांचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध केले. जुन्या कल्पनेप्रमाणें वायु एक तर थंड तरी असावा किंवा उष्ण तरी. मधल्या स्थितींत तो फार काळ टिकूं नये. वेधांत मात्र वायूचा मोठा वांटा ५०० ते ५००० अंशांच्या या मधल्या, अस्थिर स्थितींतच आढळला. म्हणजे ही सृष्टि दोन कप्प्यांत बसणारी नसून तिच्यांत सतत घुसळण चालू आहे.

या प्रश्नाशीं मनुष्याचाहि संबंध पोंचतो. नवे तारे जन्मतात ते थंड मेघांतच. सूर्याभोंवतीं सुमारें १००० प्रकाशवर्षें रुंदीची तप्त पोकळी असून ती १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीं सुरू झालेल्या ताऱ्यांच्या स्फोटांनीं कोरली, असें २०२२ सालच्या संशोधनांत दाखविलें गेलें. सध्यां सूर्य त्या पोकळींतील सुमारें ७००० अंशांच्या एका विरळ मेघांतून चालला आहे. तो नेहमीं अशाच मेघांतून गेला असेल असें नाहीं. सुमारें २० लक्ष वर्षांपूर्वीं तो सिंह राशींतील मेघाच्या जातीच्याच एका शीत मेघांतून गेला असावा, आणि सूर्यवाताचें संरक्षक कवच आकुंचित होऊन पृथ्वी कांहीं काळ त्याबाहेर पडली असावी, असें अनुमान २०२४ सालीं मांडलें गेलें. तें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

त्याचा निकाल लागण्यास मेघांचीं अंतरें, वेग व तपमानें अधिक बारकाईनें मोजावीं लागतील. तीं लिहिलेलीं आहेत अत्यंत क्षीण रेडिओलहरींत. आणि मनुष्याचीं यंत्रें जेथें गोंगाट करीत नाहींत, अशा निवांत जागींच तें लिखाण वाचतां येतें.