निढळाचा घाम

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत 'श्रमाचे महत्त्व' या विषयावर निबंध आला की आम्ही मुली 'निढळाच्या घामाची भाकर' हे शब्द हमखास घालत असू. बाईंना ते आवडत आणि एखादा गुण वाढे. निढळ म्हणजे काय, हे मात्र मला अकरावीपर्यंत ठाऊक नव्हते. प्रामाणिकपणा किंवा तसेच काहीतरी असावे, अशी माझी समजूत. पुढे वाचनालयात शब्दकोश चाळताना कळले की निढळ म्हणजे कपाळ! मला हसू आले, कारण कपाळाच्या घामाशी माझी तोवर रोजची गाठ पडू लागली होती.

मी डोंबिवलीहून कल्याणला कॉलेजात सायकलने येते. ठाकुर्ली, नव्वद फुटी रस्ता आणि पत्रीपूल असा सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. लोकलचा पास काही फार महाग नाही, पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कॉलेज या दोन्ही टोकांना रिक्षा लागते, आणि तो खर्च मासिक हिशेबात बसत नाही. म्हणून दोन हात फिरलेली एक सायकल घेतली. घेतली त्या दिवशी आनंद झाला. जूनचा पहिला आठवडा सरला आणि कळले की सायकलबरोबर घामही घरी आला आहे.

वर्गात शिरावे तो केसांच्या मुळांतून धारा लागलेल्या, तेल आणि घाम मिळून डोळ्यांत उतरलेले, ओढणी पुसून पुसून ओली झालेली. हजेरी होईपर्यंत मी शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसे. प्रथम वर्षाच्या परीक्षेत तर इतिहासाच्या पेपरला कपाळावरचे दोन थेंब नेमके उत्तरपत्रिकेवर पडले. जेलपेनची शाई पसरली आणि एका सनावळीचा निळा डाग झाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या डागाकडे पाहून मला रडू आले, हे कबूल करायला आता हरकत नाही.

यावर मी एक उपाय शोधून काढला, आणि तो शुद्ध मूर्खपणाचा होता. पाणी कमी प्यायले तर घाम कमी येईल, असे माझे तर्कशास्त्र. ऑक्टोबरात तीन दिवस मी सकाळपासून घोटभरही पाणी न पिता निघाले. तिसऱ्या दिवशी परत येताना ठाकुर्लीजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल कशीबशी कडेला टेकवली. शहाळी विकणाऱ्या एका मावशींनी सावलीत बसवले, मानेवर पाणी मारले आणि थोडे थोडे पाणी पाजले. गंमत म्हणजे घाम तेव्हाही वाहतच होता.

माझे वडील, तात्या, माथाडी कामगार आहेत. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि त्यांच्यासाठीचा कायदा १९६९ साली झाला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तात्यांनी माझी हकिकत ऐकली आणि एवढेच म्हणाले, "उन्हातल्या बैलाचं पाणी तोडतं का गं कुणी?"

त्यानंतर मी दहावीचे विज्ञानाचे पुस्तक माळ्यावरून काढले. त्यातला 'उष्णता' हा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता, आता तो प्रथमच वाचला.

मुद्दा असा आहे. सायकल चालवताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची सगळी अंगात उष्णता होऊन राहते. ती बाहेर टाकायला शरीर घाम आणते. पण घाम नुसता आल्याने गार वाटत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत साधारण सात लिटर पाणी उकळीला येईल! उलट, जो थेंब नाकावरून टपकून रस्त्यावर (किंवा उत्तरपत्रिकेवर) पडतो, त्याने जवळजवळ काहीच गारवा दिलेला नसतो. अंगातले पाणी आणि मीठ मात्र तो घेऊन गेलेला असतो.

मग आपल्याकडेच घाम इतका का टपकतो? आमचे गाव माणदेशात आहे. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो, पण घाम दिसत नाही. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उमटतात. तिथली हवा कोरडी, त्यामुळे घाम आला तसा उडून जातो. माठातले पाणी तिथे दाताला लागते. तोच माठ डोंबिवलीत आणला तर पाणी जेमतेम निवते. माठ काय आणि माणूस काय, दोघेही झिरपून आणि वाळून गार होणारे! आपल्याकडे एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीची. हवा आधीच वाफेने भरलेली, ती आपल्या घामाला जागा कुठून देणार? हवामान खातेही हा भेद मानते. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवायला पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतात.

त्यातही डोकेच का? अंगभर मिळून वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, पण कपाळावर त्यांची दाटी मोठी. वर केसांचे रान. केसांत हवा अडकून बसते, ती घामाने लवकरच ओली होते आणि पुढचा घाम वाळत नाही. भुवया थोडाफार घाम बाजूला वळवतात. त्या भरल्या की खारट पाणी डोळ्यांत.

आता पत्रीपुलाचे कोडे. जुना पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ मध्ये खुला झाला. या नव्या पुलाचा चढ मी दमछाक करत चढते तेव्हा घाम फारसा जाणवत नाही. वर वाहने तुंबून थांबावे लागले की मात्र धबधबा सुरू. मला वाटे, थांबल्यामुळे घाम येतो. खरे म्हणजे तो आधीपासूनच येत असतो. ताशी पंधरा किलोमीटरने जाताना आपण स्वतःच वारा तयार करतो आणि तो घाम उडवत राहतो. थांबलो की वारा गेला, पण अंगातली उष्णता काही मिनिटे तशीच राहते. वर्गाच्या दारात सायकल लावून थेट आत शिरणे म्हणजे नेमक्या याच घटकेला सगळ्यांसमोर येणे.

म्हणून मी आता घरून पंधरा मिनिटे लवकर निघते. सगळ्यांत जास्त गुण याच गोष्टीचा आला. वेग दीडपट केला तर हवा कापायला तिपटीहून अधिक ताकद लागते, आणि तेवढीच जास्त उष्णता अंगात. सावकाश आले की घामच कमी. शेवटचा अर्धा किलोमीटर तर मी रमतगमत येते. मग सायकलस्टँडजवळच्या झाडाखाली वाऱ्यात दहा मिनिटे उभी राहते, नळावर तोंड आणि मान धुते, आणि नंतरच जिना चढते. मैत्रिणींना वाटते, मी कुणाची वाट पाहते. वाटू दे.

दुसरी गोष्ट तात्यांकडून उचलली. ओझे उचलण्यापूर्वी ते जुन्या पंचाची एक पट्टी कपाळाला बांधतात. मीही सुती पट्टी चार पदरी करून भुवयांच्या वर बांधते. ती गार करत नाही, फक्त डोळ्यांत जाणारे पाणी अडवते. भिजून जड झाली की तीच टपकू लागते, म्हणून दुसरी कोरडी पट्टी दप्तरात ठेवायची. नायलॉनची पट्टी घेऊन पाहिली. पाणी पिण्याऐवजी ती पुढे ढकलते. आपण मुली संपूर्ण डोके आणि तोंड स्कार्फने गुंडाळतो, त्याने धूळ अडते हे खरे, पण वाराही अडतो. सावलीचा रस्ता असेल तेव्हा मी तो मानेपर्यंत सोडते. सकाळी केसांना तेल लावणे बंद केले, ते आता रात्री. आईला हे अजून पटलेले नाही. पावडरचा काही उपयोग नाही. घामात तिचा चिखल होतो.

पुसण्याबद्दलही थोडे सांगते. टपकण्याच्या बेतात असलेला घाम खुशाल पुसावा, तो फुकटच जाणार असतो. पण कातडी घासून सारखी कोरडी करू नये. पातळ ओल राहिली तर तीच वाळताना गारवा देते.

सायकलवाल्याला आपल्याकडे हेल्मेटची सक्ती नाही. घामाच्या नावाने ते टाळणारे पुष्कळ. भोके असलेल्या हेल्मेटमधून चालत्या सायकलीवर वारा खेळतो. माझ्याजवळ असे हेल्मेट एका मैत्रिणीने वापरून दिलेले आहे. खाली पट्टी बांधली की ते चिकटत नाही. वेणी वर गुंडाळण्याऐवजी खाली सोडावी लागते एवढेच.

पाणी मी आता निघण्यापूर्वी पिते, सोबतही ठेवते. फार घाम गेला असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने. आणखी एक, जे मला ठाकुर्लीला कळायला हवे होते. घाम येतो आहे म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतानाही कोसळू शकतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही चिन्हे दिसताच थांबावे, सावली गाठावी, अंगावर पाणी घेऊन वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले तर गार करणे चालू ठेवून थेट दवाखाना गाठावा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर सोहळ्याला जमलेल्यांपैकी दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. खारघर आपल्यापासून किती लांब आहे?

एवढे सगळे करूनही माझा घाम बंद झालेला नाही, होणारही नाही. उलट, उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात आणि सवय झालेल्या माणसाला घाम अधिक लवकर आणि अधिक येतो. त्यात मीठ मात्र कमी असते. हे तात्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "मग मी पंचवीस वर्षं बरोबरच घामतोय म्हण की!"

परीक्षा एप्रिलमध्ये आहे. पंचाच्या तीन पट्ट्या धुऊन ठेवल्या आहेत. दोन वाटेसाठी आणि एक पेपर लिहिताना मनगटाला.