दारू सोडलेल्यांची बैठक शोधताना

गेल्या पावसाळ्यात एक बाई दवाखान्यात आल्या. पेशंट नवरा, पण तो घरीच. गर्दी ओसरेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चहातून देता येईल अशी गोळी द्या. त्यांना कळू द्यायचं नाही. भद्रा मारुतीची शपथ दोनदा घेतली, दोनदा मोडली."

अशी चोरून द्यायची गोळी मी देत नाही. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जिवावर बेतते. ती पेशंटला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

खरे तर पूर्वी मीही चुकत होतो. हात थरथरणारा पेशंट आला की सलाईन लावायचे, चार शब्द दटावायचे आणि घरी पाठवायचे. पंधरा दिवसांनी तोच पेशंट पुन्हा त्याच खाटेवर! दारूचे व्यसन हा आजार आहे. मधुमेह उपदेशाने जात नाही, तसा हाही जात नाही. औषधाइतकीच त्याला दारू सोडलेल्या दुसऱ्या माणसाची सोबत लागते, हे मला उशिरा उमगले.

या सोबतीची सुरुवातही शोधाशोधीतूनच झाली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल नावाचा शेअर दलाल एका हॉटेलात उतरला होता. दारू सोडून पाच महिने झालेले, हातचे काम फसलेले आणि समोर बार. तो बारकडे न वळता फोनकडे वळला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवून, आपल्यासारखाच दारूने पछाडलेला कोणी माणूस भेटवा, असे त्याने विनवले. भेटले ते डॉ. बॉब, चक्क एक सर्जन! पंधरा मिनिटेच देतो म्हणणारे डॉक्टर रात्री अकरापर्यंत बोलत बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा शेवटचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे ए.ए.चा जन्मदिवस मानतात. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्यांना हात देतात.

ए.ए.च्या बैठकीला फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव कोणी विचारत नाही, ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. बोलायलाच हवे असेही नाही. 'आजचा दिवस प्यायची नाही' एवढाच हिशेब. याचा उपयोग किती? कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यास तपासले. पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त होते. इतर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. जादू नव्हे, पण फुकट मिळणाऱ्या आधाराच्या मानाने मोठीच गोष्ट.

आता बैठक शोधायची कशी? आधी एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम, भास होतात आणि ते जीवघेणे ठरू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. बैठकीची चौकशी तिथेच करा किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. मन फार खचले असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. दोन्ही फोन मोफत आहेत.

पत्ता मिळाला तरी निघण्यापूर्वी फोन करावा, कारण जागा आणि वेळ बदलते. बैठक मराठीत आहे का, घरच्यांना बसता येते का, किती वाजता संपते, हे विचारावे. परतीची शेवटची एस.टी. चुकली की दुसऱ्या वेळी जाणे होत नाही! जाणे जमत नसेल तर मोबाईलवरूनही बैठका भरतात. घरच्यांसाठी १९५१ पासून 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना आहे.

त्या बाईंच्या नवऱ्याची अडचण मात्र वेगळीच होती. "गावातल्या कोणी पाहिलं तर?" बाईच म्हणाल्या, "रस्त्यात पडलेलं अख्ख्या गावानं पाहिलं. खुर्चीत बसलेलं पाहिलं तर काय बिघडतं?"

आधी उपचार झाले, मग दोघे शहरात गेले. तो मागच्या खुर्चीवर गप्प बसला. परतताना एस.टी.त एवढेच म्हणाला, "तिथं दुसराच माणूस माझी गोष्ट सांगत होता." मध्ये एकदा पाय घसरला, तरी पुढच्या बैठकीला तो पुन्हा गेला. घसरलेल्या माणसालाही तिथे खुर्ची मिळते.

आपल्या घरात असा कोणी असेल तर त्याला नुसते 'जा' म्हणू नका. पहिल्या वेळी त्याच्यासोबत एस.टी.त बसा.