ट्रॅक्टर सेल्फ घेतो, पण चालू होत नाही? मिस्त्रीला फोन करण्याआधी डिझेलची वाट तपासा

पाऊस उघडला, वाफसा आला, पेरणीयंत्रही जोडून झाले; ट्रॅक्टर मात्र चालू व्हायचे नाव घेत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो आणि तेवढ्यात पुन्हा पाऊस आला तर वाफसाही हातचा जातो. सेल्फ जोरात फिरत असूनही इंजिन उचलत नसेल, तर पहिला संशय डिझेलवर घ्यावा. टाकीपासून नोझलपर्यंतची वाट क्रमाने पाहिली, तर अनेकदा घरच्या पान्यांवरच काम भागते.

आधी सायलेन्सर बघा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टनने दाबलेली हवा तापते आणि नोझलमधून फवारलेले डिझेल त्या उष्णतेवर पेट घेते. म्हणून सेल्फ मारताना एकाने सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे. पांढरट धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचतेय, पण पेटत नाही. तेव्हा कमजोर बॅटरी, डिझेलमधले पाणी किंवा खराब नोझल असा शोध घ्यावा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल वाटेतच अडले आहे.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात.

साध्या गोष्टी आधी

इंजिन बंद करताना ओढलेला स्टॉपचा नॉब पूर्ण आत गेलाय का, हे आधी पाहावे. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये चावी फिरवल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक्' असा आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज आणि वायर तपासावी.

डिझेलच्या काट्यावर विसंबू नये, झाकण काढून टाकीत बघावे. झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा जात नाही आणि डिझेल पुढे सरकत नाही. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज झाला, तर दोष तिथेच समजावा. टाकीखालचा कॉक उघडा असल्याचीही खात्री करावी.

पाणी आणि कचरा

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने फिल्टरखालच्या वाटीत तळाला बसते. खालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाकावे. कागदी फिल्टर चोंदला असेल तर नवाच टाकावा. धुऊन बसवलेला फिल्टर कचरा पुढे सोडतो आणि तो पंप व नोझल खातो. दोनशे-चारशे वाचवायला जाऊन हजारोंचे काम निघते.

हवा धरली असेल तर

डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला, फिल्टर बदलला किंवा रबरी पाईपला चीर गेली, की लाईनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. टाकी ते फीड पंप या भागातला पाईप बाहेर डिझेल न गळताही हवा ओढतो, म्हणून क्लिपा आणि वॉशर आधी घट्ट करावेत.

मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारावा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की, हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. दोन फिल्टर असतील तर पहिल्यानंतर दुसरा आणि शेवटी मुख्य पंपावरचा स्क्रू, असा क्रम ठेवावा. हातपंपाला जोरच लागत नसेल आणि डिझेलही येत नसेल, तर मागची लाईन किंवा फीड पंप बिघडला आहे.

तरीही चालू झाला नाही, तर जुन्या पद्धतीच्या पंपावर मिस्त्री नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारतात आणि डिझेल आले की आवळतात. यावेळी हात आणि तोंड लांब ठेवावे. दाबाखालचे डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

नवीन ट्रॅक्टरवर हा प्रयोग नको

1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरील नवीन ट्रॅक्टरना प्रदूषणाचे 'ट्रेम 4' निकष लागू झाले. त्यानंतरच्या अनेक मॉडेलमध्ये कॉमन रेल यंत्रणा आहे. तिच्यातला दाब हजार बारच्याही वर जातो. तिचे नोझलचे नट कधीच सैल करू नयेत. पाणी काढणे आणि फिल्टर बदलणे एवढेच घरी करावे, तेही कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे.

एअर क्लीनरमधून पेट्रोल किंवा ईथर मारून इंजिन उचलायचा प्रयत्न कुठल्याच ट्रॅक्टरवर करू नये. भडका उडू शकतो, पिस्टनही फुटू शकतो. इतके करूनही इंजिन शांतच असेल, तर पंप आणि नोझल न उघडता पंप दुरुस्तीच्या दुकानात टेस्टिंगला द्यावेत.

पुढच्या वेळी ही वेळ नको

अर्धी टाकी रात्रभर राहिली की दमट हवेचे पाणी आत साचते, म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. कॅनमधले डिझेल थोडे निवळू द्यावे, गाळून ओतावे आणि तळाचे तसेच ठेवावे. फिल्टरचा एक जादा जोड आणि वॉशर मृगाआधीच घरात आणून ठेवले, तर वाफसा मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून जाणार नाही.