मग ही माकडं अजून माकडंच कशी?

माथेरानला एका पॉइंटवर माकडाने आमच्या आप्पांच्या हातातली चिक्कीची पुडी हिसकावली आणि कठड्यावर बसून निवांत कागद सोडवला. आप्पांनी चिक्कीचं दुःख गिळलं आणि माझ्याकडे वळले. "काय रे, तू जीवशास्त्र शिकवतोस ना? माकडाचा माणूस झाला म्हणता, मग हा अजून माकडच कसा?" आजूबाजूचे हसले. हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारलाय, एसटीत विचारलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी, माझं तोंड उघडं असताना. आता मला हसू येत नाही.

आजच्या माकडांपासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. डार्विनने 1871 साली माणसाच्या उगमावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही तो असं म्हणाला नव्हता. माकड आपला आजोबा नाही, दूरचा भाऊबंद आहे. कोकणातलं एखादं घराणं घ्या. चार पिढ्यांपूर्वी एक भाऊ मुंबईला गिरणीत लागला, दुसरा गावी राहिला. मुंबईकराच्या पणतूला कुणी विचारतं का, की "तुम्ही गावच्या चुलत्यापासून झालात, तर तो चुलता अजून आहे कसा?" दोघांचा खापरपणजा एक, आणि तो केव्हाच गेला. चिंपांझीची आणि आपली वाटणी साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी झाली. माथेरानच्या माकडाच्या शाखेशी तर 2.5 ते 3 कोटी वर्षांपूर्वी. शिवाय गावी राहिलेला भाऊही आहे तिथेच थांबत नाही. माकडंही तेवढीच वर्षं बदलत आली आहेत. माणूस ही त्यांची पुढची इयत्ता नव्हे.

हे नातं ठरवायचं कशावरून? चेहऱ्यावरून नाही, चुकांवरून. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. अशा कामात पोथ्यांची कुळं लावावी लागतात. शुद्ध श्लोक कुठल्याही पोथीत सापडेल, त्यावरून काही कळत नाही. पण तीच ओळ गाळलेली, तोच शब्द तसाच बिघडलेला दोन पोथ्यांत दिसला, की त्या एकाच पोथीवरून उतरल्या असं समजायचं.

आता हीच रीत जनुकांना लावा. कुत्र्याकडे बघा. त्याला आवळा लागत नाही, क जीवनसत्त्व त्याचं यकृतच बनवतं. गाईबकऱ्यांचंही तसंच. त्यासाठी लागणारं एक जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं, बरेच तुकडे गळालेलं. चिंपांझीत मोडकंच, माकडातही मोडकंच, आणि मोडल्याच्या खुणाही बऱ्याचशा त्याच. गिनिपिगमध्येही ते निकामी आहे, पण त्याची मोडतोड वेगळी, कारण ती पोथी दुसऱ्याच लेखनिकाने बिघडवली. थोडक्यात, ताजं काही खाल्लं नाही तर आप्पांना आणि त्या चिक्कीचोराला एकच रोग होणार, स्कर्व्ही.

एवढ्यावर पटत नसेल तर गुणसूत्रं मोजा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात 24 जोड्या, आपल्यात 23. एक जोडी गेली कुठे? दोन वह्या एकत्र शिवल्या तर जुने पुठ्ठे मधोमध सापडतात, तसं आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात झालंय. गुणसूत्राच्या टोकाला असतो तो मजकूर तिथे मध्येच आढळतो, हे 1991 साली दाखवलं गेलं. त्याच गुणसूत्रावर जास्तीच्या, आता निकामी झालेल्या सेंट्रोमिअरचे, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या कमरेचे, अवशेषही आहेत.

"पण होताना कुणी पाहिलंय का?" जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह असंच म्हणाले, आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींना मिळून निवेदन काढावं लागलं. खापरपणज्याचं लग्नही आपण कुणी पाहिलेलं नाही! छोटे बदल मात्र डोळ्यांदेखत झालेत. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींनी 1988 मध्ये 12 चंबूंत ई. कोलाय जिवाणू वाढवायला घेतले. 30 हजारांहून अधिक पिढ्यांनंतर एका चंबूतले जिवाणू ऑक्सिजन असतानाही सायट्रेटवर जगू लागले. एरवी ई. कोलायला ते जमत नाही.

"नुसती थिअरी आहे हो." जंतूंमुळे रोग होतात, हीसुद्धा थिअरीच.

"बळी तो कान पिळी, दुसरं काय?" तसं असतं तर झुरळं केव्हाच संपली असती.

दशावतारात डार्विन शोधणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तिथे एकच देव दहा रूपं घेतो. वराह हा कूर्माचा वंशज आहे असं पुराणंसुद्धा म्हणत नाहीत.

आणि "मधले दुवे कुठे आहेत?" त्यातला एक, जमिनीवरचे प्राणी आणि देवमासे यांच्यामधला, जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटला सापडला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून आणलेले दगड त्यांच्या निधनानंतर घरी पडून होते. पत्नीने ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्या हवाली केले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाजवळचं जाड हाड उघडं पडलं. तशी ठेवण म्हणजे देवमाशाच्या कुळाची खूण. हा प्राणी मात्र चार पायांचा, खुरांचा, मांजरापेक्षा थोडा मोठा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा. ही हकीकत 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. रावांनी 1971 मध्येच त्याचं नाव ठेवलं होतं, इंडोहायस, म्हणजे भारतातलं डुक्कर. त्याचा कान तोवर कुणी पाहिला नव्हता.