बाराशे पटीचं करायचं काय?

वाढदिवसाला मुलांना द्यायचे मायक्रोस्कोप हल्ली ऑनलाइन दुकानांत ढिगाने मिळतात. त्यांच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत छापलेलं असतं: १२०० पट! घेणाराही तोच आकडा बघून घेतो. साहजिक आहे. बारीक वस्तू मोठी करून दाखवणं हेच या यंत्राचं काम, मग जितकी मोठी तितकी बरी. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र त्या आकड्याला फारसं कुणी विचारत नाही. तिथे दोन प्रश्न महत्त्वाचे. अगदी शेजारी असलेले दोन ठिपके हे यंत्र वेगळे दाखवतं का? आणि बघायची वस्तू आजूबाजूच्या पसाऱ्यातून उठून दिसते का?

साध्या डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे कळतात. त्याहून जवळ आले की त्यांचा एकच होतो. आपली तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटरची, म्हणजे या मर्यादेपेक्षा बारा-चौदा पटींनी लहान. भिंगं वापरून ती सहज दिसते. पण भिंगामागे भिंग लावत गेलं म्हणून वाटेल तितकं बारीक दिसत नाही. जर्मनीतल्या येना गावी कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली याचं कारण मांडलं. प्रकाश लहरींनी बनलेला आहे आणि लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून फार बारीक तपशील भिंगाला वेगळा करता येत नाही. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा साधारण ०.२ मायक्रोमीटर येते. त्यापुढे चित्र फक्त फुगतं. मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी ताणला की लांबच्या गाडीची नंबरप्लेट मोठी होते, वाचता येत नाही, तसंच.

शाळा-कॉलेजातल्या मायक्रोस्कोपच्या वस्तुभिंगावर ‘४०/०.६५’ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, आणि त्याला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, १० ने गुणलं की ४०० पट होतात. खरी किंमत दुसऱ्या आकड्याची. वस्तूकडून येणारा प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करतं, ते त्यावरून कळतं. त्याला हजाराने गुणलं की फार तर किती पटींपर्यंत अर्थ आहे याचा अंदाज येतो, इथे ६५०. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये हवा असेल तर हा दुसरा आकडा १ च्या पुढे जात नाही. म्हणून १०० च्या भिंगाखाली तेलाचा थेंब ठेवतात आणि आकडा १.२५ वर पोचतो. खेळण्यातल्या यंत्रात तेल नाही, भिंगही बहुधा प्लास्टिकचं. १२०० पटींत दिसतो तो मोठा केलेला धूसरपणा.

याच्या उलट उदाहरण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या कापडविक्याचं. अँटनी व्हॅन लेवेनहुक यांच्या हातातल्या यंत्रात एकच इवलंसं भिंग असे. आज शिल्लक असलेल्या त्यांच्या सर्वोत्तम भिंगाची ताकद सुमारे २७० पट आहे. तेवढ्यावर त्यांनी तळ्याच्या पाण्यातले एकपेशीय जीव पाहिले आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातले जिवाणू लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्या काळी दोन-तीन भिंगांची यंत्रं होती, पण प्रत्येक वाढीव भिंगाबरोबर चित्राभोवतीची रंगीत झालर वाढे. तो दोष नीट आवरायला १८३० उजाडलं.

०.२ मायक्रोमीटरच्या खाली उतरायचं तर सहसा प्रकाश सोडावा लागतो. १९३१ मध्ये बर्लिनला एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून पहिलं तसं यंत्र उभं केलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात कोरोना विषाणू पाहिला, तो अशाच यंत्रावर. त्याचे कण सरासरी ७० ते ८० नॅनोमीटरचे होते. मात्र नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. जिवंत पेशीची हालचाल तिथे बघायला मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न, वस्तू उठून दिसण्याचा, जो नवशिक्याला जास्त छळतो. पेशी म्हणजे बहुतांशी पाणी. पाण्यात पाणी काय दिसणार? कांद्याचा पापुद्रा नुसता ठेवला तर पेशींच्या भिंती कशाबशा दिसतात, आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रक लगेच उमटतं. रंग नसेल तर काचपट्टीखालचा पडदा थोडा मिटावा. नवशिके नेमकं उलट करतात, दिवा पूर्ण वाढवतात आणि पांढऱ्या उजेडात सगळं हरवून बसतात. जाड काळ्या कडेचं सुंदर गोल काही दिसलं, तर तो बहुधा हवेचा बुडबुडा असतो. सुरुवात नेहमी १० च्या भिंगाने करावी, नाहीतर काचपट्टी फुटते आणि कधीकधी भिंगही चरतं. कोकणात आणखी एक ताप: दमट हवेत भिंगावरच बुरशी चढते! मग सिलिका जेलच्या पुड्या घालून यंत्र बंद पेटीत ठेवावं लागतं.

रंगाचं मोल किती, हे क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या कामात दिसतं. क्षयाच्या जंतूवर मेणचट आवरण असतं आणि नेहमीचे रंग त्याला लागत नाहीत. कॉख यांच्याकडे आबे यांची तेलात वापरायची भिंगं होती, तरी रंग बसेपर्यंत जंतू दिसेना. अल्कली मिसळलेला मेथिलीन ब्लू त्यांनी ऊतींवर दीर्घकाळ ठेवला, वर तपकिरी रंग दिला, आणि तपकिरी पार्श्वभूमीवर निळ्या बारीक काड्या उमटल्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी हे जाहीर केलं. पुढे त्सील आणि नेल्सन यांच्या नावाने रूढ झालेल्या पद्धतीत उलटे रंग आहेत: निळ्यावर लाल काड्या. ऊब देऊन लाल रंग चढवायचा, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळं रंग सोडतं, हा जंतू सोडत नाही.

आपल्या सरकारी दवाखान्यांतली थुंकीची तपासणी अनेक वर्षं याच पद्धतीवर चालली. निगेटिव्ह लिहिण्याआधी तंत्रज्ञाने भिंगाखालची किमान १०० क्षेत्रं बघावीत असा नियम आहे. १०० क्षेत्रांत १ ते ९ जंतू दिसले तर तो आकडा तसाच नोंदवायचा, १० ते ९९ दिसले तर ‘१+’. कंटाळवाणं, मान अवघडवणारं काम. आणि देशातल्या लाखो लोकांचे उपचार त्यावर सुरू झाले आहेत. पण एका मिलिलिटर थुंकीत पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते भिंगाखाली सहसा सापडत नाहीत. आताच्या जनुकीय चाचणीला शे-सव्वाशे पुरतात, म्हणून निदानासाठी तिला पहिला मान मिळाला, तो योग्यच आहे. मात्र ती चाचणी मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनएही पकडते आणि बऱ्या होत चाललेल्या रुग्णाला पॉझिटिव्ह ठरवू शकते. त्यामुळे औषध लागू पडतंय की नाही हे तपासायला आजही थुंकीची काचपट्टी करतात आणि जिवंत जंतूंची खात्री हवी असेल तर कल्चर लावतात.